अस्मानी-सुलतानी : एका समासाचा विग्रह

यवतमाळहून अमरावतीकडे जाताना वाटेत नेर लागते. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून नेर परसोपंत आहे. कापूस, तूर आणि अलीकडच्या काही दशकांत कापसाच्या बरोबरीला आलेले सोयाबीन यांवर जगणारा हा बव्हंशी कोरडवाहू मुलूख. काही काळापूर्वी तेथे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांशी सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’विषयी बोलण्याचा योग आला. चर्चा संपता संपता एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, हवामानबदल अस्मानी म्हणायचा की सुलतानी?’’ मी म्हणालो, ‘‘दोन्ही.’’ उत्तर चूक नव्हते. पण ते देऊन आपण प्रश्नातून अंग काढून घेतले, हे परतीच्या एस.टी.त लक्षात आले. प्रश्न हवामानाचा नव्हता, वर्गीकरणाचा होता. ज्या वर्गीकरणाच्या आधारावर गेली चार-साडेचार दशके विदर्भातील शेतीचे राजकारण आणि मराठीतील शेतीविषयक साहित्य उभे आहे, ते वर्गीकरणच आता टिकते काय, असे तो विचारत होता.

‘अस्मान’ फारसीतून आलेला, ‘सुलतान’ अरबीतून. दोहोंना आपल्याकडे एकत्र बांधले ते महसुली व्यवहाराने. पाऊस न पडणे, गारपीट, टोळधाड ही अस्मानी; फौजेची वर्दळ, लूट, जुलमी वसुली ही सुलतानी. जुन्या कागदपत्रांत हा जोडशब्द येतो तो सूट मागण्याचे किंवा देण्याचे कारण म्हणून. व्याकरणाच्या परिभाषेत हा इतरेतर द्वंद्व होय : अस्मानी आणि सुलतानी. रयतेच्या दृष्टीने दोन्ही आपत्ती वरून येणाऱ्या, दोन्ही तिच्या आवाक्याबाहेरच्या, आणि दोहोंचे फळ सारखेच. त्यांत निवड करण्याचा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. ‘अस्मानी की सुलतानी’ हा वैकल्पिक द्वंद्वाचा विग्रह आधुनिक काळाने केला, आणि शेतकऱ्याच्या राजकीय जाणिवेची पहिली पायरी म्हणजे हा विग्रहच होय. ‘आणि’च्या जागी ‘की’ आला म्हणजे दोष कोणाचा, हे विचारता येते.

या पालटाचे श्रेय सामान्यतः शेतकरी संघटनेच्या अर्थविचाराला दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) जे केले ते अधिक गुंतागुंतीचे होते, आणि आपल्या समीक्षेने त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. ‘असूड’ आपण वाचतो तो वर्णवर्चस्वाची आणि नोकरशाहीची चिकित्सा म्हणून. त्यातील मातीपाण्याचा भाग परिशिष्टासारखा ओलांडून जातो. फुले तेथे कार्यकारणाची एक साखळी मांडतात. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचे शेण, मेलेल्या जीवांचे अवशेष पावसाबरोबर वाहत येऊन खालच्या शेतांना आपोआप खत मिळत असे. सरकारच्या जंगलखात्याने डोंगर आणि कुरणे ताब्यात घेतली. चराई तुटली, जनावरे घटली, जमिनीचा कस गेला आणि कर्ज वाढले. यावर त्यांनी सुचविलेला एक उपाय असा की, लष्करातील व पोलिसांतील फावल्या हातांकडून जागोजागी ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल. येथे नापिकी दैवाधीन राहत नाही, पण ती निव्वळ कराची किंवा भावाचीही होत नाही. कायदा, कुरण, माती, पाऊस आणि सावकार एकाच वाक्यरचनेत येतात. फुल्यांचे लांबच लांब वाक्य, ज्यात एका कारणाच्या पोटातून दुसरे कारण निघत जाते, ते शैलीचे वैगुण्य म्हणून दाखविण्याची प्रथा होती. मला ते वाक्य म्हणजे या आशयाचे एकमेव शक्य रूप वाटते. आखूड वाक्यांत ही साखळी तुटली असती.

१९८० च्या सुमारास शरद जोशी यांनी ती जाणीवपूर्वक आखूड केली. अनेक दुव्यांपैकी शेतमालाचा भाव हा एकच त्यांनी हातात धरला. त्या काळात ते अपरिहार्य होते. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे पाऊसपाण्यात, आळसात, लग्नखर्चात आणि व्यसनात शोधण्याची सरकारी व पांढरपेशी सवय इतकी मुरलेली होती की, सुलतानीवर बोट ठेवण्यासाठी अस्मानीला काही काळ बाजूला सारणे भागच होते. या विचाराने यवतमाळ जिल्ह्याला दुःखाची एक राजकीय भाषा दिली. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने सहकुटुंब आयुष्य संपविले. २०१७ पासून त्या दिवशी ठिकठिकाणी अन्नत्याग केला जातो, आणि त्या स्मरणाचा रोख आभाळाकडे नसून धोरणाकडे असतो. शासनाची उत्तरेही त्याच परिभाषेतील आहेत : २००६ चे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठीचे ३,७५० कोटींचे केंद्राचे पॅकेज, २००८ ची देशव्यापी कर्जमाफी, २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफी योजना. पॅकेजात सिंचनाचे कलम होते, हे खरे. परंतु सर्वांचा मुख्य शब्द ‘कर्ज’ हाच. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. निमंत्रित उद्घाटकाचे निमंत्रण मागे घेतल्याने मोठा वाद झाला आणि अखेर आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील एका महिलेच्या हस्ते उद्घाटन झाले. साहित्यव्यवहाराने स्वतःच्या संकटातून वाट काढताना ज्या प्रतिमेचा आधार घेतला, ती प्रतिमाही सुलतानीच्या बळीचीच होती. एरवी अशा व्यासपीठावर तिला कोणी बोलाविले असते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू.

आता साहित्याकडे. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये (२०१६) असा आक्षेप घेतला आहे की, आधुनिक कादंबरीने असंभाव्य, प्रचंड अशा नैसर्गिक घटनांना गंभीर साहित्याच्या अंगणाबाहेर ठेवले, म्हणून हवामानाचे संकट तिच्या कथनरूपात मावत नाही. हा आक्षेप मराठी ग्रामीण कादंबरीला जसाच्या तसा लावता येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळाने गाव पांगण्यापाशी संपते. आपल्याकडे अवर्षण असंभाव्य नसून अपेक्षित असते, आणि अपेक्षित असल्यामुळेच त्याला कारण विचारण्याची गरज निवेदकाला भासत नाही. ‘बनगरवाडी’तील मास्तर दुष्काळ पाहतो, नोंदवितो, हळहळतो, त्या कादंबरीच्या संयत सौंदर्याचा मोठा भाग या न विचारण्यावर उभा आहे. आपली अडचण पाऊस लपविण्याची नाही. पाऊस आपल्या कथनात सर्वत्र आहे, पण तो क्रियापदाचा निर्विवाद कर्ता होऊन बसला आहे. पावसाने दगा दिला, पावसाने डोळे वटारले, निसर्ग कोपला. वृत्तपत्रांनी तर ‘निसर्गाचा लहरीपणा’ हा शब्दप्रयोग इतका झिजविला आहे की, लहर कोणाची, हे विचारावेसेच वाटत नाही.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) या संदर्भात पुन्हा वाचावी. वऱ्हाडातील कौतिकच्या संसाराची ही कहाणी शेतकऱ्याची नव्हे, शिंप्याच्या कुटुंबाची आहे. तिच्या शीर्षकातील धग दारिद्र्याची आणि जिद्दीची. १९६० मध्ये हा शब्द निश्चिंतपणे लक्षणेवर सोपविता येत होता. आज विदर्भातील वाचकाला तोच शब्द आधी अभिधेनेच भाजतो. संहिता बदललेली नाही. शब्दाखालची जमीन तापली आहे. समीक्षेच्या दृष्टीने ही लहान घटना नव्हे. प्रादेशिक कादंबरीचे वातावरण आपण स्थिर पार्श्वभूमी म्हणून शिकवीत आलो. देशीवादाच्या चर्चेतही ‘देशी’ म्हणजे विशिष्ट भूमीत दीर्घकाळ रुजलेले, असे गृहीत असते. त्या भूमीचे ऋतुमानच हलले तर देशीयतेचा निकष कशावर टेकवायचा, हे नेमाड्यांच्या समर्थकांनी किंवा विरोधकांनी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

‘बारोमास’ (२००२) या सर्वांच्या पुढे जाते, म्हणून तिची मर्यादाही अधिक बोलकी आहे. उच्चशिक्षित एकनाथ, पैसे मोजल्याशिवाय न मिळणारी नोकरी, शेतीत पडत चाललेला संसार, शेतीपासून दूर ओढ घेणारी पत्नी : या कादंबरीला सुलतानीचे पुरते भान आहे. तिचे शीर्षक मात्र वर्षाच्या चक्राचे आहे. बारा महिने राबणे, बारा महिने सोसणे. माणसांची परवड वर्षागणिक वाढते, पण ज्या चक्राला ती जुंपलेली आहेत ते चक्र आपल्या जागी फिरत राहील, असा विश्वास या शीर्षकात आहे. नेरच्या त्या विद्यार्थ्याला खटकले ते बहुधा हेच. त्याच्या वयाच्या मुलाने मृगाचा पाऊस वेळेवर येतो हे ऐकले अधिक आहे, पाहिले कमी.

यवतमाळ हा काही माणदेशासारखा अवर्षणग्रस्त प्रदेश नाही. वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होणारा, कृषिशास्त्राच्या जुन्या वर्गवारीत खात्रीच्या पावसाचा मानला गेलेला हा भाग. येथे बदल एकूण बेरजेत दिसतोच असे नाही. तो दिसतो वाटणीत. पेरणीनंतर पडणारा खंड, दुबार पेरणी, मग एका रात्रीत होणारी अतिवृष्टी, आणि बोंडे फुटायच्या वेळी अवकाळी. घोष ज्यांच्याविषयी बोलतात ती वादळे आणि महापूर ही घटना असते. कथनाला घटना पेलते. खंड ही घटना नव्हे, घटनेचा अभाव आहे. वीस दिवस काहीही होत नाही, आणि त्या काहीही न होण्याने वर्ष बुडते. याला कथनरूप देणे अवघड आहे, हे मान्य करूनच लेखकांकडे मागणी करावी. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या व परतीच्या सर्वसाधारण तारखा सुधारून घेतल्या; आपल्या कादंबरीतील मृग अजून ७ जूनलाच निघतो.

भाषेनेही या गोंधळात हात दिला आहे. ‘हवामान’ हा आपला शब्द आजच्या उकाड्यालाही चालतो आणि शतकांच्या सरासरीलाही. त्यामुळे ‘हवामानबदल’ हा शब्द कास्तकाराच्या कानावर पडतो तेव्हा तो साहजिकच म्हणतो की, हवामान तर रोजच बदलते. शासनाने २०२० मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ असा वेगळा शब्द घातला. तो काटेकोर असेल. बोलीत मात्र तो उतरला नाही. वऱ्हाडीत पावसालाच ‘पाणी’ म्हणतात. पडणारे आणि पिण्याचे, दोन्ही एकच. ज्या बोलीत आभाळ आणि विहीर यांत शब्दाचाही भेद नाही, तिला ‘वातावरणीय’ उसने घेण्याची वेळ यावी, यात परिभाषा घडविणाऱ्यांनी कोणाला विचारले नाही एवढेच सिद्ध होते. ‘ऋतुमान’ हा जुना शब्द हाताशी होता. ऋतुमान बिघडले, हे वाक्य कोणत्याही म्हातारीला समजते.

लोकमानसाचे आणखी एक दालन येथे उघडते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावरून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. पाऊस, पिके, रोगराई, आणि त्यांच्याच बरोबर राजाची गादी टिकेल की नाही हेही. अंधश्रद्धेच्या विरोधकांचे आक्षेप सर्वस्वी योग्य आहेत. घटावरून पाऊस कळत नाही. परंतु चिन्हव्यवस्था म्हणून पाहिले तर ही मांडणी विलक्षण आहे. एकाच रिंगणात धान्ये, पाण्याचे प्रतीक म्हणून घागर आणि राजाचे प्रतीक म्हणून विड्याचे पान-सुपारी. अस्मानी आणि सुलतानी येथे अजून विलग झालेल्या नाहीत. आधुनिक विचाराने त्यांना वेगळे केले तेव्हा कारणमीमांसा मिळविली आणि हे रिंगण गमावले. वृत्तपत्रे आजही हे भाकीत वेधशाळेच्या अंदाजाशेजारी छापतात. वाचक दोन्हींवर सारखाच अर्धा विश्वास ठेवतो.

आणि मग येतो या काळातील सर्वांत प्रभावी गद्यप्रकार, शासननिर्णय. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाठ फिरवू नये. त्याच्या एका विशेषणावर तालुक्याचे वर्ष ठरते. पूर्वी पैसेवारी होती : पीक पन्नास पैशांच्या खाली गेले की दुष्काळ. २०१६ च्या केंद्रीय नियमावलीनंतर राज्याने स्वीकारलेल्या ‘दुष्काळ व्यवस्थापन संहिते’त पावसाची तूट, खंड, वनस्पतींचा निर्देशांक, जमिनीतील ओल असे निकष आले. आपण ज्याला संहिता म्हणतो आणि शासन ज्याला संहिता म्हणते, त्यांत फरक एवढाच की, शासनाच्या संहितेचा एकच अन्वयार्थ चालतो. तिच्यात दुष्काळाची पहिली ‘कळ’ आणि दुसरी ‘कळ’ लागू होते. भाषांतरकाराच्या मनात यंत्राची कळ असावी. मराठी कानाला पोटातली आधी ऐकू येते.

त्याआधीची एक गोष्ट अलंकारशास्त्राच्या वर्गात सांगावी अशी आहे. शासन बराच काळ ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर करीत असे. ‘सदृश’ हा साधर्म्यवाचक शब्द. म्हणजे ही उपमा झाली. मे २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण चालू असताना, जेथे ‘दुष्काळसदृश’ आहे तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, अशी दुरुस्ती शासनाने केली. २९,००० हून अधिक गावे एका शुद्धिपत्राने उपमेतून वाच्यार्थात आली. पुढे २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाडा-विदर्भात पिके पाण्याखाली गेली आणि ‘ओला दुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी झाली. तेव्हा शासनाची भूमिका अशी होती की, असा शब्द नियमावलीतच नाही. सवलती मात्र दुष्काळाच्याच देऊ. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. उपमा चालविणाऱ्या शासनाला विरोधाभास चालला नाही, हे गमतीचे आहे. पण लोकांनी घडविलेला हा विरोधाभास नव्या ऋतुमानाचे नेमके वर्णन करतो, आणि तो कोणा कवीने किंवा तज्ज्ञाने दिलेला नाही.

येथे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परतता येते. हवामानबदलाने समासाचा तिसरा विग्रह शक्य केला आहे : सुलतानांनी घडविलेले अस्मान, म्हणजे तत्पुरुष. दीपेश चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये मानवी इतिहास आणि निसर्गाचा इतिहास यांतील भेद कोसळल्याचे मांडले, ते आपल्या परिभाषेत हेच होय. मात्र त्यांच्या मांडणीत कर्त्याच्या जागी ‘मानव’ ही संपूर्ण जाती येते, आणि तेथे नेरच्या बांधावरून हरकत घ्यावी लागते. पाच एकर कोरडवाहू कसणारा कास्तकार आणि शतकभर कोळसा जाळणारे देश यांना एकाच सर्वनामात बसविणे म्हणजे सुलतानाला रयतेच्या गर्दीत लपू देणे आहे.

हा धोका काल्पनिक नाही. ज्या कारणासाठी शेतकरी चळवळ ‘हवामान’ या शब्दाकडे संशयाने पाहते, ते कारण मला रास्त वाटते. मोठ्या कष्टाने आभाळाकडून धोरणाकडे आणलेला दोष हा नवा शब्द पुन्हा आभाळाकडे नेऊ शकतो. भाव पडला, कर्ज वेळेवर मिळाले नाही, बियाणे उगवले नाही, आणि उत्तर एकच : हवामानबदल. पूर्वी निसर्ग लहरी होता, आता तो शास्त्रोक्त लहरी झाला. उलट, संशयापोटी हा शब्दच नाकारला तर बदललेल्या ऋतुमानात कोणते पीक, कोणाच्या जोखमीवर, हा प्रश्न विचारायलाच कोणी उरत नाही. या दोन्ही टोकांमधून जाणारे गद्य फुल्यांनी लिहिले होते. राज्याने २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेला फुल्यांचे नाव दिले. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये यवतमाळसह पंधरा जिल्ह्यांत सुरू झालेल्या, हवामानाशी जुळवून घेणाऱ्या शेतीच्या प्रकल्पाला नानाजी देशमुखांचे. माती-पाण्यावर लिहिणारा माणूस कर्जाच्या खात्यात जमा झाला. हे कोणी योजून केले असेल असे मला वाटत नाही. ‘असूड’ अर्धाच वाचण्याची सवय शासनालाही लागली असावी.

नेरहून निघताना तो विद्यार्थी एस.टी. स्टँडपर्यंत सोबत आला. अतिवृष्टी मानायची तर महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला जावा लागतो, हे त्याच्याकडून पुन्हा ऐकले. त्याच्या वडिलांचे वावर दोन मंडळांच्या शिवेवर आहे. एका वर्षी नाल्याचे पाणी दोन्ही बाजूंच्या पऱ्हाटीतून सारखेच गेले. पलीकडच्या मंडळात पर्जन्यमापकाने आकडा ओलांडला, यांच्या मंडळात थोडक्यात राहिला. ‘‘यावर कोणी कादंबरी लिहिली आहे का, सर?’’ त्याने विचारले. मी नाही म्हणालो. ‘‘मग शोधनिबंधाला विषय कसा घ्यायचा?’’ गाडी लागली होती.